ग्लॅडिओलसचं खोकं

बावन्न सालातली गोष्ट. केंटकीच्या त्या कोळसाखाणीच्या गावात मयताच्या जेवणाला घराघरातून काहीतरी शिजून येई, आणि भांडं परत मिळावं म्हणून प्रत्येक बाई त्याच्या बुडाला आपल्या नावाची चिकटपट्टी लावी. युनियनचा पुढारी ऑर्व्हिल स्टॅम्पर गोळी लागून मेला तेव्हाही चर्चच्या तळघरात भांड्यांचा डोंगर झाला. घासायला व्हर्ना उभी होती. ऑर्व्हिलच्या विधवेनेच तिला बोलावलं होतं.

"नवऱ्याने मारायचं, बायकोने भांडी घासायची," भांडं न्यायला आलेली ओना पुटपुटली, पण ऐकू जाईल अशी.

"ओना, तुझीच कढई खरवडतेय. तोंडही आण, तेही घासून देते."

व्हर्नाचा नवरा होबार्ट तुरुंगात होता. संपावरून तो भर सभेत ऑर्व्हिलशी भांडला होता, एवढंच. रायफल ओढ्यात सापडली. तिच्यावरच्या नंबराचा माग काढत तपास अधिकारी प्रुइट शिकागोच्या दुकानापर्यंत पोचला. तिथून ती टपालाने आली होती, एल. ग्रीनवे या नावावर. त्या नावाचा माणूस गावात कधी जन्मलाच नव्हता, आणि पार्सल कोणी उचललं ते पोस्टात कुणाला आठवेना. ग्रीनवे सापडला नाही, तर सोमवारी होबार्टवर खटला उभा राहणार होता.

भांडी ज्याची त्याला गेली. कोपऱ्यात एक लांब खोकं उरलं. ग्लॅडिओलसची फुलं त्यातून आली होती. कुणाचं म्हणून व्हर्नाने ते उलटं केलं. बुडाला चिकटपट्टी होती, म्हाताऱ्या लॉटीची. आणि टोकाला छापील चिठ्ठी: शिकागोचं दुकान, एल. ग्रीनवे, खाली नंबर. रायफलचा तो नंबर व्हर्नाला प्रार्थनेसारखा पाठ होता.

तिने खोकं पुन्हा सुलटं ठेवलं. दुसऱ्या कोपऱ्यात केक खात बसलेल्या प्रुइटला म्हणाली, "साहेब, उठू नका. नुसतं ऐका."

मग जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "लॉटीमावशी, तुमचं खोकं राहिलंय!"

म्हातारी कठडा धरत उतरली. "बरं झालं गं बाई. असं मजबूत खोकं मिळत नाही. फुलांचे दांडे मोडत नाहीत त्यात."

"कुठून मिळवलंत?"

"आमच्या क्लीटच्या पलंगाखालून. जाळायला निघाला होता मेला! चांगली वस्तू कुणी जाळतं का? तो कामावर गेला नि मी काढून घेतलं."

क्लीट म्हणजे तिचा मुलगा, खाणमालकाच्या पहारेकऱ्यांचा मुकादम. प्रुइटने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि टोपी उचलली.

"काय झालं?" लॉटी विचारत होती. व्हर्नाने तिला खुर्ची दिली.

संध्याकाळी क्लीट गजाआड गेला, आणि कबुली देताना मालकालाही घेऊन बुडाला. सकाळी होबार्ट तुरुंगाच्या पायऱ्या उतरला तेव्हा खाणकामगारांनी रस्ताभर गाड्यांचे भोंगे वाजवून कान किटवले. तो बावरला.

"एवढे लोक कशाला गं?"

"तुला न्यायला. संप चालूच आहे, सभेत तुझी वाट बघताहेत."

"मी काय बोलू तिथे?"

"नको बोलूस," व्हर्ना त्याची कॉलर सरळ करत म्हणाली. "नुसता उभा राहा. लोकांना बघू दे तुला."