नावांची वही

तंबाखूची पुडी बांधायला कागद हवा म्हणून रायभाननं बाजेवरची वही उचलली. पान फाडायला धरलं आणि तसाच थांबला.

"आरं, माझं नाव हाय की हितं!"

चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या शिवकन्येचा हात परातीतच राहिला.

रायभान चौथीपर्यंत शिकलेला. आयुष्य मेंढरांमागं गेलं, पण स्वतःचं नाव तो कुठंही ओळखायचा. त्यानं ओळीवर बोट टेकवून एकेक अक्षर लावलं आणि त्याचा चेहरा फुलून आला.

"सुगंधे, बघ. पोरीच्या इंग्रजीच्या वहीत बापाचं नाव!"

"मला काय दावता? मला कुठं वाचता येतंय," सुगंधाबाई म्हणाली. तरी पदराला हात पुसत ती बघायला आलीच.

शिवकन्या ताडकळसला बारावीत होती. दर शनिवारी नागेश सर वर्गात मोबाइलवर एक इंग्रजी भाषण ऐकवायचे. धैर्यावरचं, माणुसकीवरचं. मग त्यातले दहा शब्द फळ्यावर यायचे. सरांची तऱ्हाच निराळी. अर्थ लिहू नका, विसराल, म्हणायचे. त्या शब्दात बसणारं ओळखीचं माणूस लिहा. म्हणून 'काइंड'पुढं सुगंधाबाई होती, कारण दुसऱ्याचं लंगडं करडूही ती मांडीवर घेऊन पाजायची. 'लॉयल'पुढं मोत्या कुत्रा होता. सर खूप हसले होते, पण बरोबरची खूण केली होती. 'ब्रेव्ह'पुढची जागा कोरी राहिली. घरातलं कुणी आठवलंच नाही. आणि 'कावर्ड'पुढं तिनं बापाचं नाव लिहिलं होतं. पेनानं, चांगलं दाबून.

"कोणता शब्द हाय हा?" रायभाननं विचारलं.

धीट म्हणून सांगावं, एवढंच शिवकन्येच्या मनात आलं. एका शब्दात सुटका होती. बाप खूश झाला असता, सोमवारी बाजारात चार जणांना वही दाखवली असती. खरं सांगितलं तर वही चुलीत जाणार आणि तिच्यामागं नर्सिंगचा फॉर्मही. बारावीनंतर शिकवायचं का नाही, ते अजून त्याच्याच हातात होतं.

पण तिला दिवाळी आठवली. थोरली बबिता माहेरी आली ती सुजलेला हात घेऊन. नवऱ्यानं काठीनं मारलं होतं. मला परत नका धाडू आबा, म्हणत ती उंबऱ्यात बसून राहिली होती. लोक काय म्हणतील, या एका वाक्यावर रायभाननं तिला तिसऱ्या दिवशी गाडीवर बसवलं आणि सासरी नेऊन घातलं.

"सांग की. वाचा बसली का?"

"कावर्ड," शिवकन्या म्हणाली.

"म्हंजी?"

"भेकड."

चुलीत लाकूड तडतडलं. सुगंधाबाईनं तोंडावर पदर धरला.

"अगं बया! बापाला असं लिव्हतात व्हय? जीभ कशी झडली न्हाई तुझी!"

रायभाननं तिला हातानं गप्प केलं. शिवकन्येला वाटलं, आता उठणार, आता हात उचलणार. तिनं डोळे गच्च मिटले.

"कशापायी?" एवढंच त्यानं विचारलं.

"अक्काला परत नेऊन घातलं म्हणून."

तो उठला. वही काखेत मारून मेंढरांच्या वाड्याकडं गेला. जेवायलाही आला नाही.

सकाळी मेंढरं वाड्यातच ओरडत होती. गाडी नव्हती. वहीही नव्हती.

"गेला असंल तुझ्या कॉलेजात," सुगंधाबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "नाव काढून आणंल तुझं. मंग बस आता जल्मभर लेंड्या झाडत. एक शब्द खोटा बोलली असतीस तर काय झडलं असतं?"

शिवकन्येनं मेंढरं सोडली आणि रस्त्याकडेच्या पडीक रानात नेली. रस्त्यानं गाडी वाजली की ती बांधावर चढून बघायची. असं पंधरा-वीस वेळा तरी झालं. आपणच आपल्या हातानं सगळं घालवलं, असं वाटून ती दोनदा रडली. मोत्या तिच्या पायाशी येऊन बसला, तर त्यालाही तिनं हाकललं.

दिवस कलताना गाडी आली. मागं बबिता बसली होती, मांडीवर गाठोडं, डोक्यावरून पदर. रायभानच्या सदऱ्याची बाही खांद्यापासून उसवली होती. खालचा ओठ सुजला होता.

मेंढरं तशीच हाकत शिवकन्या घराकडं पळाली. सुगंधाबाई थोरलीला पोटाशी धरून रडत होती.

"नेत न्हाई आता तिला माघारी," रायभान म्हणाला. "पाणी द्या आगुदर."

मग तो बाजेवर बसला. तांब्या धरला, तर पाणी हिंदकळून धोतरावर सांडलं.

"लय भेव वाटलं गं," तो शिवकन्येला म्हणाला. "त्यांच्या दारात पाय लटलट कापायले होते. आजून कापायलेत."

त्यानं सदऱ्याच्या आतून वही काढली आणि तिच्यापुढं धरली. घामानं पुठ्ठा ओला झाला होता. शिवकन्येनं घाईघाईनं पेन शोधला, पान काढलं.

"खोडते, आबा."

"खोडू नको. खरं हाय ते." त्यानं नावापुढच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "हितं तारीख टाक. कालची."