ताईने केलेली सही

“हरीश, तुमच्या नमुन्यात रक्त सापडलंय. लगेच घाबरून जाऊ नका, पण आतून तपासणी करायला हवी,” दवाखान्यातली नर्स फोनवर इंग्रजीत सांगत होती.

पेनरोजच्या वर्कशॉपमध्ये माझ्यासमोर एक पंप उघडा पडला होता. ‘अहो, मी नमुना दिलाच नाही’ असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. नंतर फोन करतो म्हणालो.

इथे परदेशात ठरावीक वय झालं की आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं किट सरकारकडून टपालाने घरी येतं. शौचाचा नमुना काडीने घ्यायचा, नळीत घालायचा, अर्जावर सही करून पोस्टात टाकायचा. एकसष्टाव्या वर्षी माझंही आलं आणि बाथरूमच्या कपाटात पडून राहिलं. लोकांचे तुंबलेले मैलापंप उपसण्यात माझा जन्म गेला, पण स्वतःच्या बाबतीत मला किळस.

संध्याकाळी पापाकुऱ्याला घरी आलो, तर कपाट रिकामं. मालूताई मेथी निवडत बसली होती. ती माझी थोरली बहीण, सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेली. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, ती सतराची. मला तिनेच वाढवलं.

“ताई, ते माझं किट कुठंय?”

“टाकलं पोस्टात. केव्हाच.”

“रिकामं?”

“रिकामं कशाला? भरून.”

“अगं, पण कोणाचं?”

“तुझं कसं मिळणार? माझंच. तीन आठवडे बघत होते, हात लावशील तर शपथ! एकाच कुकरमधलं जेवतो आपण, फरक तो काय पडणार? सहीपण ठोकून दिली तुझी. प्रगतिपुस्तकावर बाबांची करायचे ना, तशी.”

मला हसू फुटलं आणि तसंच विरलं.

“ताई, त्यात रक्त सापडलंय.”

तिचे हात थांबले. “म्हणजे तुला?” असं म्हणाली आणि मग स्वतःच म्हणाली, “नाही. मला.”

“तुला माहीत होतं?”

“दिवाळीपासून अधूनमधून दिसतंय. मूळव्याध असेल म्हटलं. किट आलं त्या दिवशी तूच म्हणालास, ताई, हे व्हिजिटरला मिळत नाही. मग कुठे विचारत बसू? तुझं आपलं पडूनच होतं.”

मी ते थट्टेत म्हणालो होतो. तू पाहुणी, तुला सरकार काही देत नाही, असं वर हसलोही होतो. तिच्याकडे बघायची लाज वाटली. मी उगाच एक काडी उचलून मेथी निवडायला लागलो.

दुसऱ्या दिवशी नर्सला सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही. माझी तपासणी रद्द करून नवं किट पाठवते म्हणाली. “तुमची बहीण या योजनेत बसत नाही. पण रक्त जातंय, तर थांबू नका. आजच डॉक्टरांना दाखवा.” दाखवलं. डॉक्टरही म्हणाले, इथे करा नाहीतर तिकडे, पण लवकर करा. ताई म्हणाली, पुण्यालाच. तिच्या मुलीने, सिद्धीने, तिकडची वेळ घेतली आणि दोन महिन्यांनंतरचं तिकीट आम्ही या शनिवारवर आणलं.

नवं किट आदल्याच दिवशी आलं. शनिवारी सकाळी बॅगा गाडीत ठेवल्या, तरी ताई सोफ्यावरून उठेना.

“ते किट?”

“तुला सोडून आलो की करतो.”

“मग विमान जाऊ दे.”

तिचा स्वभाव मला माहीत होता. मी निमूट बाथरूममध्ये गेलो.

“झालं का रे?” बाहेरून आवाज आला. शाळेच्या घाईत ती अगदी असंच विचारायची. दार लावून मी आत रडलो, मग तोंड धुऊन बाहेर आलो.

वाटेत डेअरीच्या कोपऱ्यावर पोस्टाची पेटी लागली. मी गाडी थांबवली, तर ताईच खाली उतरली. टाकण्याआधी अर्ज काढून तिने चष्म्यातून नीट वाचला.

“तारीख घातलीस. सही?”

“माझी मीच केली.”

“माझी जास्त वळणदार आली होती,” ती म्हणाली आणि पाकीट बंद करून तिने ते पेटीत सोडलं.

ते आत पडल्याचा आवाज झाला, तरी तिने त्या फटीवरचा हात काढला नाही. विमानाची वेळ होत आली होती. मी गाडीचं दार उघडं धरून उभा राहिलो.