साठपट वेग

सरांचा तो आलेख पडद्यावर आला की ती मान खाली घालायची. तीन वर्षांत निदान वीसदा पाहिला असेल, तरी नजर काही सरावली नव्हती.

आलेख म्हणत होता, आमची नवी प्रोग्रॅमिंगची भाषा चौसष्ट कोअरांवर, म्हणजे एकाच वेळी राबणाऱ्या चौसष्ट गणकांवर, साठपट वेगाने धावते. भाषा सरांची. तिच्यात एकदा ठरलेली किंमत कुणी बदलूच शकत नाही, म्हणून प्रोग्रॅमचे तुकडे एकाच वेळी बिनधास्त चालवता येतात. ते तुकडे कोअरांना वाटणारा रनटाइम मात्र तिचा, म्हणून आलेखाखाली तिचंही नाव. आणि साठपट कशाच्या? तर त्याच भाषेच्या, एकाच कोअरवर चालवलेल्या! तिथे साध्या बेरजेचाही तुकडा बनायचा, रांगेत ताटकळायचा; पुराच्या एका नमुना हिशेबाला चौदा तास लागायचे. चौसष्ट कोअरांवर चौदा मिनिटं. वासरांत लंगडी गाय शहाणी, आणि इथे तर वासरंही घरचीच.

आज सादरीकरणाला पहिल्या रांगेत तिची थोरली नणंद बसली होती. ती पूरनियंत्रण कार्यालयात होती. नदी किती चढेल हे तिचा जुना प्रोग्रॅम सांगायचा आणि त्यावरून काठच्या वस्त्या रिकाम्या व्हायच्या. आता तो या भाषेत नव्याने लिहायचं घाटत होतं.

चहाच्या सुट्टीत तिने सरांना कोपऱ्यात गाठलं.

"सर, आपला तोच नमुना हिशेब काल ताईंच्या जुन्या प्रोग्रॅमने आपल्या मशीनवर करून पाहिला. एकाच कोअरवर. नऊ मिनिटं लागली."

"मग?"

"आपल्याला चौसष्ट कोअर लागतात, तरी चौदा."

सरांनी चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून आत पडलं. ते त्यांनी बोटानेच काढून खाल्लं. "अगं, सगळे असंच मोजतात. जुन्या पद्धतीच्या साध्या प्रोग्रॅमची रेघ आलेखातून पुसली कुणी? तूच ना? आता बरी साळसूद झालीस!"

तिला किळस आली. त्या चिकट बोटाची आलीच, पण जास्त आली स्वतःची. 'बघणाऱ्यांचा गोंधळ होतो' असं सर म्हणाले होते आणि तिने मुकाट्याने ती रेघ पुसली होती.

ती तडक नणंदेकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं, पुसलेल्या रेघेसकट.

"प्रोग्रॅम बदलू नका, ताई. नऊची चौदा मिनिटं होतील."

"पाणी चढत असताना पाच मिनिटं म्हणजे काय, कळतं तुला?"

"हो."

"आणि हे कधीपासून माहीत होतं?"

"तीन वर्षं."

नणंदेने पर्समधून मंजुरीपत्र काढलं. सकाळीच सही केलेलं. "ऑफिसात म्हणत होते, बाहेरून तपासून घेऊ. मीच म्हटलं, आलेखाखाली आमच्या घरातलं नाव आहे, तपासायचं काय त्यात?"

नणंदेने सहीवर काट मारली. मग आलेखाचं छापील पान पुढे सरकवलं आणि वर पेन ठेवलं.

"काढ ती रेघ. माझ्यासमोर."

तिने हिशेब केला: चौदा तास भागिले नऊ मिनिटं. जुना प्रोग्रॅम त्र्याण्णवपट निघाला. रेघ आलेखात मावेना. वर, कोऱ्या समासात काढावी लागली.

नणंदेने पान घडी करून पर्समध्ये टाकलं. "घरी नाही सांगणार कुणाला," ती उठता उठता म्हणाली. "पण यापुढे तुझं नाव बघून मी कशावरही सही करणार नाही."