पट्ट्याशिवाय खांबावर

“बाबा, तुमची सगळी गुंतवणूक वर्षभरात निम्म्यावर आली, तर काय कराल? खरं सांगा हं.”

वायरमननं चहाचा कप खाली ठेवला, मिशी पुसली आणि छातीठोकपणे सांगितलं, “आणखी घेईन! स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर सोडतंय कोण?”

आतून बायकोचं हसू फुटलं. “ऐका! चपलेसाठी चार दुकानं फिरून शेवटी जुनीच शिवून आणणारा माणूस बोलतोय!”

“तू मध्ये पडू नकोस. पोरीची परीक्षा आहे.”

घोळ झाला तो इथंच. लेक विद्यापीठात फंड चालवायला शिकत होती. लोकांचा पैसा कुठं किती गुंतवायचा, त्याचं शास्त्र. शेवटच्या परीक्षेला प्रत्येकानं घरचंच एक माणूस गिऱ्हाईक म्हणून घ्यायचं, त्याला किती धोका झेपेल ते प्रश्न विचारून ताडायचं आणि त्याच्यापुरता एक लुटुपुटीचा फंड उभा करायचा, असा मॅडमचा दंडक होता. वायरमनला वाटलं, प्रश्न म्हणजे पेपर. उत्तर जितकं धाडसी तितके लेकीला मार्क जास्त! मग काय, पठ्ठ्या प्रत्येक चेंडूवर षटकार मारत सुटला.

लेकीनं सगळं निमूटपणे लिहून घेतलं. पण बाप तिला पुरता ठाऊक होता. रोज जिना उतरल्यावर “रुमाल राहिला” म्हणत हा माणूस पुन्हा वर जायचा आणि दाराचं कुलूप ओढून बघायचा. रुमाल खिशातच असायचा. तिनं गुपचूप त्या रुमालवाल्या माणसासाठी फंड बांधला: बहुतेक सगळं ठेवी आणि रोख्यांत, शेअर आपले चिमूटभर.

परीक्षेला गिऱ्हाइकांनाही बोलावलं होतं. वायरमन इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर ऐसपैस बसला. पोरं कुजबुजली, “वादळात खांबावर चढणारे काका हेच! कसले डेअरिंगबाज!” काकांची मिशी आणखी वर गेली.

मॅडमनी मात्र चष्मा खाली ओढला. “तुझं गिऱ्हाईक म्हणतं, निम्मं बुडालं तरी आणखी घेईन. आणि फंड इतका भित्रा? उत्तरं एका माणसाची, फंड दुसऱ्याचाच. अशानं पास कसं करू मी तुला?”

लेकीनं बापाकडं पाहिलं. ‘बाबांनी थापा मारल्यात’ एवढं म्हटलं असतं तरी ती सुटली असती. ती मॅडमकडं वळली. “माझा अंदाज होता, मॅडम.”

“अंदाजावर लोकांचा पैसा सांभाळतेस? आणखी काही सांगायचंय?”

“नाही.”

पोरगी आपल्यापायी गप्प राहतेय, हे कळायला वायरमनला शास्त्र शिकायची गरज नव्हती. पण उठायचं म्हणजे अख्ख्या वर्गासमोर आपली मिशी आपणच उतरवायची! बाक करकरला.

“मॅडम, चूक फंडात नाही, गिऱ्हाइकात आहे. मी थापा मारल्या. मी... तसा घाबरट आहे.”

“अहो, तुम्ही तर खांबावर चढता!”

“कमरेला पट्टा असतो म्हणून चढतो. पट्ट्याशिवाय मी स्टुलावरसुद्धा चढत नाही. माळ्यावरचे डबे आमच्या घरात बायको काढते!”

वर्ग खो खो हसला. क्षणभर वायरमनचे कान तापले, मग तोही हसत सुटला.

“मग हा फंड तुम्हाला चालेल?” मॅडमनी विचारलं.

पडद्यावरची फंडाची रंगीत वर्तुळं वायरमनच्या डोक्यावरून जात होती. तो लेकीकडं वळला. “काय गं, झोप लागेल ना मला?”

“लागेल, बाबा.”

“मग चालेल.”

लेक पास झाली. थोडे मार्क कापलेच. “उत्तरं खोटी वाटत होती, तर पुन्हा विचारायचं होतंस,” मॅडम म्हणाल्या. “गिऱ्हाइकाची लाज राखणं हे आपलं काम नाही.”

“हो, मॅडम,” लेक म्हणाली. चेहरा पाडायचा तिनं खूप प्रयत्न केला, पण हसू काही आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक एकत्र जिना उतरले. खाली आल्यावर वायरमनचा हात सवयीनं खिशाकडं गेला. रुमालाचं टोक बाहेरच लोंबत होतं. ते त्यानं नीट आत खोचलं.

“थांब जरा,” तो म्हणाला. “कुलूप बघून येतो.”

लेकीनं हात पुढं केला. त्यानं हत्यारांची पिशवी तिच्याकडं दिली, वर चामड्याचा पट्टा ठेवला आणि तो सावकाश जिना चढू लागला. वरून कुलूप ओढल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा आला. लेक पट्टा छातीशी धरून खाली उभी राहिली. आज तिला जराही घाई नव्हती.