नाकाजवळची फट

यवतच्या मंगल कार्यालयात खुर्च्या कमी पडल्या होत्या. स्टेजवर दहा वर्षांची मोनाली डोळ्यांना काळी पट्टी बांधून धडा वाचत होती आणि चांगली शिकलेली माणसं तिच्यापुढे हात जोडून उभी होती. कोटातले ‘मेंदूगुरू’ विश्वजीत सर सांगत होते, की त्यांनी मेंदूचा झोपलेला भाग संगीतानं जागा केलाय, आता ज्ञान ब्रह्मांडातून थेट उतरतं. ब्रह्मांडाला यवतचा पत्ता कुणी दिला, हे एकानंही विचारलं नाही.

जवळच्या राहू गावच्या तानुबाईनं ते खरं धरलं. तिची लेक नकुशी जन्मांध. पुण्याच्या अंधशाळेत तिचा प्रवेश ठरला होता. पण ‘सहा महिन्यांत पोरीला दिसेल’ असं सर म्हणाले आणि तानुबाई तो रद्द करायला निघाली.

राहूच्या शाळेतल्या सविताबाईंना पट्टीमागची युक्ती ठाऊक होती. तरी त्यांनी ती सांगितली नाही. आपण सांगितलेलं मुलं पाठ करतात, स्वतः शोधलेलं विसरत नाहीत, असं त्यांचं मत. सरांच्या यवतच्या मेळाव्यात काय काय पाहिलं, एवढंच त्यांनी वर्गात मुलांना विचारलं. मोनालीनं पुस्तक पोटाशी धरलं होतं, हनुवटी जरा वर केली होती, असं मुलांनी सांगितलं. त्याच वर्गात बसणारी नकुशी ऐकत होती.

“बाई,” ती म्हणाली, “मला पुस्तक डोक्यावर धरलं काय आन् पोटाशी धरलं काय, सारखंच. तिला डोळं लागत न्हाईत, तर पोटाशीच का लागतंय?”

मग मुलांनीच एकमेकांना पट्ट्या बांधल्या. नाकाजवळच्या फटीतून खाली धरलेलं पुस्तक स्वच्छ दिसत होतं.

पुढच्या रविवारी सविताबाई तानुबाईला आणि मुलांना घेऊन मेळाव्याला गेल्या. मोनाली वाचू लागली, तशी नकुशीनं बाईंचा हात धरून स्टेजवर जाऊन तिला पुस्तक डोक्यावर धरायला सांगितलं. मोनालीचं वाचन थांबलं. इथं नकारात्मक लहरी आल्यात, असं सर सांगू लागले. तेवढ्यात मोनालीनं पट्टी काढली. ती रडत होती.

“खालून दिसतं,” ती म्हणाली. “सर म्हनले, घरी बी सांगू नको.”

मेंदू जागा करणाऱ्याचे पाय आधी जागे झाले. लोक उठेपर्यंत त्याची गाडी सोलापूरच्या रस्त्याला लागली होती. तानुबाईनं बाईंना विचारलं, की अंधशाळेतली जागा अजून असेल का. जागा होती. सोमवारी मायलेकी पुण्याच्या एसटीत बसल्या.

लहान पोरीला आईबापांशी खोटं बोलायला लावणारा गुरू नसतो, भामटा असतो. म्हणून चमत्कार दिसला की आधी तपासा. तो खरा असेल, तर तपासण्यानं त्याचं काहीच बिघडणार नाही.