चौदावा प्रश्न

"फवारा मारल्यानंतर किती मिनिटांनी शुद्ध आली?" सिस्टरनं स्क्रीनवरचा चौदावा प्रश्न वाचला.

समोरचा सुतार तिच्याकडे बघतच राहिला. छपरावरून पडून पाठ मोडली तेव्हा सुरू झालेल्या दुखण्यावरच्या गोळ्या त्याला सुटल्या नव्हत्या. मागच्या महिन्यात त्या जास्त झाल्या आणि तो मरता मरता वाचला.

"सिस्टर, मी बेशुद्ध होतो. मला काय विचारता?"

"आकडा टाकल्याशिवाय हे पुढं सरकत नाही हो, दादा."

"मग टाका पाच."

सिस्टरनं कपाळावर हात मारला. त्या आठवड्यात पाच सांगणारा हा सातवा. अशा गोळ्यांची सवय लागलेल्यांच्या घरी गोळ्यांचा अंमल उतरवणारा, नाकात मारायचा फवारा दिला तर किती जीव वाचतात, हे दवाखान्याला शोधायचं होतं. आणि विचारायचं कुणाला, तर ज्याला काडीचंही आठवत नाही त्याला!

तिनं दार उघडलं. बाहेर बाकावर सुताराची थोरली बहीण बसली होती.

"ताई, फवारा कुणी मारला?"

"मीच. दुसरं आहे कोण घरात?" ताई फणकारली. "एकानं काही झालं नाही. शेजारणीच्या घरीही तिच्या मुलासाठी तसाच दिलेला होता, तो आणायला पळाले. तोवर ह्याचे ओठ निळे. दुसरा मारला तेव्हा कुठं श्वास घेतला. नऊ मिनिटं गेली, घड्याळ समोरच होतं. दर वेळी ह्याच्याबरोबर येते मी इथं. पण एकानंही मला विचारलं नाही."

फॉर्ममध्ये दुसऱ्या फवाऱ्याला रकानाच नव्हता.

सिस्टर तरातरा मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. हा अभ्यास त्यांचाच.

"मध्येच प्रश्न बदलता येत नाहीत," ते मान वर न करता म्हणाले. "नातेवाइकांना विचारायचं तर अशा अभ्यासांवर देखरेख करणाऱ्या समितीची परवानगी लागते."

"मग मागा ना, सर! एक्केचाळिसांतल्या एकतीस जणांनी पाच सांगितलंय. औषध काय सगळ्यांना ठरवून पाचव्या मिनिटाला लागू पडतं?"

डॉक्टरांनी वैतागून यादी उघडली. पाच, पाच, पाच. ते यादी खाली खाली सरकवत राहिले.

"हेच छापायला निघालो होतो मी," ते पुटपुटले, आणि संध्याकाळी अर्ज गेला.

समितीनं चार महिने खाल्ले. आधी सही चुकीच्या जागी होती. मग 'नातेवाईक म्हणजे नेमकं कोण' अशी विचारणा आली. शेवटी परवानगी आली ती अकरा पानी संमतिपत्र घेऊन. सिस्टरनं ते टेबलावर आपटलं. मधल्या काळात तिनं कॉम्प्युटरवाल्याच्या मागे लागून 'आठवत नाही' हा पर्याय घालून घेतला होता. त्याला दहा मिनिटं लागली.

पहिली मुलाखत ताईची.

"एवढं वाचायचं? त्याला वाचवताना तर कुणी सही मागितली नाही," ती करवादली, पण सही केली.

सव्वीस घरांतून अकरा जणांनी सांगितलं, एक फवारा पुरला नाही. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक घरी दोन द्यायचं ठरलं. सुतार आता सवय सोडवण्याच्या उपचारांची गोळी घेऊन कामावर जात होता. त्याच्या वाट्याचे दोन न्यायला ताईच आली.

"आणि जे गेले?" तिनं विचारलं. "त्यांच्या घरी कोण जातं विचारायला?"

कुणीच जात नव्हतं. फॉर्म फक्त वाचलेल्यांसाठी होता. सिस्टरला स्वतःचाच राग आला. ताई गेल्यावर तिनं जुन्या नोंदी काढल्या. तशी चार घरं सापडली. मग समितीच्या नावानं एक सणसणीत शिवी हासडून ती नवा अर्ज लिहायला बसली.