बिनमाणसांचा वाद्यवृंद

क्लबातल्या मास्तरांनी पियानोचं झाकण धाडकन लावलं आणि सगळ्यांदेखत सासूबाईंना सांगितलं, "बाई, मी साथ करतो. पाठलाग करत नाही."

सासूबाई घरी आल्या त्या पाय आपटत. आतल्या खोलीत बसलेल्या जावईबापूंना ते ऐकून आधी आनंदच झाला, कारण दोन्ही पाय सारख्याच जोरात आपटत होते आणि त्यातल्या एका गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. त्या गुडघ्यावर त्यांनी स्वतः मेहनत घेतली होती. जावईबापू हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. जन्मापासून दिसत नसलं, तरी कुठल्या सांध्यात काय बिनसलंय ते त्यांच्या बोटांना लगेच कळायचं. बायको चष्म्याच्या दुकानात मॅनेजर. यावर लोक विनोद करणार हे ठरलेलं, म्हणून जावईबापू स्वतःच तो आधी करून टाकायचे, "हिच्या दुकानातून चष्मा न घेता हिलाच घेऊन गेलेला मी एकटाच."

सासूबाई गुडघा बरा होईपर्यंत म्हणून लेकीकडे आल्या होत्या. गुडघा बरा झाला, पण तो विषय कोणी काढला नाही. त्यांनी कोपऱ्यावरच्या ज्येष्ठ मंडळींच्या क्लबात नाव घातलं, तिथल्या वार्षिक कार्यक्रमात गाणं म्हणायचं ठरवलं, आणि सराव सुरू होऊन आठवडा व्हायच्या आत मास्तरांनी झाकण लावलं.

"जावईबापू," दारातूनच त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या कॉम्प्युटरात सगळी वाद्यं आहेत ना?"

"आहेत की. बासरीपासून ढोलापर्यंत."

"मग मला त्यातनं एक मास्तर काढून द्या. उलट न बोलणारा."

कॉम्प्युटरवर संगीत रचणं हा जावईबापूंचा जुना नाद. एका छोट्या कीबोर्डवर सूर वाजवायचे. कोणता सूर, किती जोरात, किती वेळ, याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. मग तेच सूर व्हायोलिनला द्या नाहीतर तुतारीला, पुढे ढकला, मागे ओढा, तक्रार म्हणून नाही. पडद्यावर जे काही असेल ते एक आवाज त्यांना वाचून दाखवायचा. आवाज बाईचा होता आणि जावईबापूंनी तो इतका भरधाव ठेवला होता, की दुसऱ्या कोणाला तो तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा वाटावा.

या बाईशी सासूबाईंचं सुरुवातीपासून पटत नव्हतं. नव्या आल्या होत्या तेव्हा बंद दाराआडून बाईमाणसाचा आवाज ऐकून त्यांनी लेकीला स्वयंपाकघरात ओढून नेलं होतं. खुलासा झाल्यावर संशय गेला, राग तसाच राहिला. "बिचारीला श्वास तरी घेऊ द्या," असं म्हणता म्हणता त्या, "मोठी माणसं बोलत असताना मधे बोलते," असंही म्हणायच्या. आता मात्र गरज पडली होती. त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि बाईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "हिला सांगा, माझं काम आहे, नीट कर."

गाणं जावईबापूंना पाठ होतं. गुडघा वाकवताना दुखायला लागलं की सासूबाई तेच म्हणायच्या. कोणाच्या तरी खिडकीतल्या दिव्याचं, जुनं, संथ गाणं. दुसऱ्या ओळीनंतर त्या दरवेळी एकदम थांबायच्या आणि मग दचकल्यासारख्या पुढे जायच्या. तिथे गुडघा जास्त दुखतो असं समजून जावईबापूंनी त्या जागी हात हलका करायची सवयही लावून घेतली होती.

त्यांनी हौसेने वाद्यवृंद उभा केला. खाली पियानो, वर व्हायोलिनं, मधून बासरीची एखादी गिरकी. मागेपुढे झालेले सूर कॉम्प्युटरने एका हुकमात रांगेत आणले, शाळेतल्या कवायतीसारखे. पहिल्या सरावाला बायकोही दुकानातून लवकर आली.

पहिली ओळ झकास गेली. दुसरीनंतर सासूबाई थांबल्या. व्हायोलिनं थांबली नाहीत. सासूबाईंनी त्यांना गाठायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि आपल्या चालीने गात राहिल्या. बासरीने गिरकी घेतली ती त्यांच्या तोंडातल्या शब्दावरच. वाद्यवृंद मोठ्या थाटात संपला तेव्हा सासूबाईंचं अख्खं कडवं शिल्लक होतं. तेही त्यांनी म्हटलं, एकटीने, शेवटपर्यंत.

"तुमच्या मंडळींना गाडी पकडायची होती का?" मग त्यांनी विचारलं.

"आई, तुम्ही दुसऱ्या ओळीनंतर थांबता."

"मी? मी कशाला थांबेन?"

"थांबतेस गं," बायको म्हणाली.

"तू चष्मे विक."

जावईबापू शहाणे होते. वाद न घालता त्यांनी सासूबाईंसमोर माइक ठेवला आणि कुठल्याही साथीशिवाय गाणं म्हणायला लावलं. दुपारी पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी चहानंतर आणखी एकदा. मग तिन्ही वेळची गाणी एकावर एक ठेवून ऐकली आणि खुर्चीत सावरून बसले. सासूबाई तिन्ही वेळा त्याच जागी, तेवढ्याच थांबल्या होत्या. थांबल्यावर तिन्ही वेळा तेच शब्द गिळून पुढे गेल्या होत्या. बेताल माणूस रोज वेगळा चुकतो. चूक इतकी तालात असेल, तर ती चूक कसली? आणि गुडघ्याचा तर इथे संबंधच नव्हता.

"आई, हे गाणं तुम्ही शिकलात कुठे?"

"लहानपणी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे याची तबकडी होती. त्या काही आत बोलवायच्या नाहीत. मी जिन्यात बसून ऐकायची. इतकी ऐकली, की त्यांच्याआधी मला पाठ झालं."

"तबकडीवर दुसऱ्या ओळीनंतर काय व्हायचं?"

"व्हायचं काय? बाई गायची, मग खर्रर्र, मग टक्, मग पुढचं..."

खुर्ची करकरली. जावईबापूंनी खोकल्याचं निमित्त करून हसू गिळलं.

"म्हणजे," सासूबाई म्हणाल्या, "तो ओरखडा होता?"

"तसं दिसतंय."

"म्हणजे जन्मभर मी ओरखडा गातेय?"

"पण किती इमानाने गाताय, आई! केसाचाही फरक नाही."

ही समजूत त्यांना पटली नाही. त्या रुसल्या, पण कोणावर रुसायचं ते ठरेना, म्हणून खालच्या मजल्यावरच्या त्या बाईंवर रुसल्या. संध्याकाळी लेकीने मोबाइलवर मूळ गाणं शोधून काढलं आणि ओरखड्याखाली गाडले गेलेले शब्द वाचून दाखवले. सासूबाईंनी ते दोन दिवस घोकले. तिसऱ्या दिवशी कवायतीच्या वाद्यवृंदाबरोबर अचूक गायल्या. कुठे अडखळल्या नाहीत, कुठे मागे पडल्या नाहीत, आणि इतकं निर्जीव गाणं त्या घरात पूर्वी कोणी ऐकलं नव्हतं. टपाल कचेरीत पत्ता सांगावा तसं.

"बरोबर आलं ना?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर," जावईबापू म्हणाले.

"खोटं बोलू नका. तुमचा आवाज पडलाय." सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "हे गाणं चांगलंय हो, पण माझं नाही. त्या दुसऱ्या कोणाचं तरी."

मग जावईबापूंनी कवायतीचा वाद्यवृंद पुसून टाकला. बाईने विचारलं, "नक्की पुसायचं?" आणि सासूबाई पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलल्या, "हो गं, पुस."

आता काम उलट्या बाजूने सुरू झालं. सासूबाईंचं एकटीचं गाणं कानात लावून जावईबापू त्यांच्या चालीवर एक बटण ठोकत गेले आणि कॉम्प्युटरने त्यावरून लयीचा नकाशा आखला. कुठे सावकाश, कुठे लगबग, कुठे दम खायला बसायचं. मग त्या नकाशावरून सगळ्या वाद्यांना चालवलं. दुसऱ्या ओळीनंतर पियानो थांबला, व्हायोलिनं थांबली, आणि त्या शांततेत जावईबापूंनी लाकडावर काडी आपटल्यासारखा एकच सूर ठेवला. टक्.

"जरा कोरडं हवं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी कोरडं केलं.

"आता फारच कोरडं. तबकडी होती ती, दार नव्हे."

एका टक्‌पायी अख्खा रविवार गेला. सासूबाईंना एकदा अधिकार मिळाल्यावर त्या थांबेनात. बासरी उगाच नटते म्हणून तिची गिरकी कापली. व्हायोलिनं रडकी आहेत म्हणून अर्धी घरी पाठवली. कान तिखट होता, हे जावईबापूंना मान्य करावं लागलं. जेवायला बोलावून बोलावून बायको थकली आणि एकटीच जेवली.

कार्यक्रमाच्या दिवशी जावईबापू लॅपटॉप घेऊन मंचाच्या कडेला बसले. सासूबाईंचा नेम नाही म्हणून त्यांनी गाणं तिथेच, स्वतःच्या हाताने वाजवायचं ठरवलं होतं. वाद्यवृंद सभागृहात आणि बाई फक्त आपल्या कानात, अशी दोन वायरींची व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. पण सभागृहाचा माइकवाला भलताच मदत करणारा निघाला. "ही एक वायर सुटलीये बघा साहेब, लावून टाकतो," असं म्हणत त्याने काहीतरी केलं, जावईबापू नको नको म्हणेपर्यंत पसारही झाला, आणि त्यांच्या कानातली बाई मुकी झाली.

विचार करायला वेळ नव्हता. सूत्रसंचालिकेने सासूबाईंचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. सासूबाईंनी घसा साफ केला, म्हणजे तो ठरलेला इशारा. जावईबापूंनी अंदाजाने बटण दाबलं.

पियानो वाजला. जिवात जीव आला. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. सगळी वाद्यं एका दमात थांबली, सभागृह चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत भिंतीएवढ्या स्पीकरांतून बाई भरधाव बोलली, "बॅटरी कमी आहे चार्जर जोडा."

टक्.

सासूबाईंनी माइकमध्येच म्हटलं, "बये, तुला एवढीच जागा सापडली?"

हशा असा उसळला, की जावईबापूंच्या खुर्चीखालची फळी हादरली. पियानो इमानेइतबारे पुढे निघाला होता आणि हसण्यात बुडालेल्या सासूबाई मागेच राहिल्या होत्या. जावईबापूंनी झटकन बटण दाबलं.

"थांबवलं," बाईने अख्ख्या सभागृहाला कळवलं.

हशा दुप्पट झाला. गाणं नेमकं कुठे थांबलंय हे विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं, तर बाईने तेही सगळ्यांना सांगितलं असतं. जावईबापूंनी बोटांच्या अंदाजाने चार वेळा मागची कळ दाबली आणि कान लावले. हसणं ओसरत होतं. कोणीतरी शिंकलं. खुर्च्या सरकल्या. मग त्यांना हवं होतं ते ऐकू आलं. गुडघा वाकवताना त्यांनी तो श्वास शेकडो वेळा ऐकला होता. ओळ उचलायच्या आधी सासूबाई नाकातून घ्यायच्या तो, छोटासा.

बोट पडलं. पियानो आणि सासूबाई एकदमच निघाल्या.

पुढचं गाणं त्यांनी जसं म्हटलं, तसं घरी एकदाही जमलं नव्हतं. वाद्यं त्यांच्या बरोबर चालत होती, थांबल्या की थांबत होती, आणि शेवटच्या ओळीवर त्या नकाशाबाहेर जाऊन रेंगाळल्या तेव्हा जावईबापूंनी बटणावर बोट ठेवून अख्खा वाद्यवृंद त्यांच्यासाठी उभा करून ठेवला. बाई पुन्हा "थांबवलं" म्हणाली. यावेळी कोणी हसलं नाही.

टाळ्या संपायच्या आत मास्तर मंचाच्या कडेला आले. सासूबाईंना क्लबात सोडायला जाताना ऐकलेला त्यांच्या बुटांचा आवाज जावईबापूंनी लगेच ओळखला. रागाने आले नव्हते.

"ते मधलं टक् कोणी बसवलं?" मास्तरांनी विचारलं.

"आईंनी."

"आणि मधे बोलणारी ती बाई?"

"ती आमच्याकडचीच आहे. पण आज तिचं काम नव्हतं."

"असू द्या, असू द्या. जागेवर बोलली." मास्तर घुटमळले. मग मागून येणाऱ्या सासूबाईंना म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी पियानो मी वाजवला तर चालेल का? बाकीची मंडळी यांची असू देत."

"श्वास ऐकून वाजवाल?" सासूबाईंनी विचारलं. "आमचे जावईबापू ऐकतात."

"शिकेन."

"मग रविवारी घरी या. पण वेळेवर या, मला ताटकळायला आवडत नाही."

मास्तर रविवारी वेळेच्या आधीच आले. सासूबाई तयार नव्हत्या. तयार होऊन आल्यावर त्यांनी मास्तरांना पहिल्या ओळीलाच थांबवलं, मास्तरांनी नियम सांगितला, सासूबाईंनी नियम कोणी केला ते विचारलं, आणि दोघांचं जे जुंपलं ते थांबेना. बायकोने दारातून डोकावून पाहिलं आणि आज सुट्टी असतानाही दुकानात जाऊन येते म्हणाली.

जावईबापूंनी बाईचा वेग आणखी एक घर वाढवला, हेडफोन कानांवर ओढले आणि त्या दोघांचं भांडण संपेपर्यंत करायला म्हणून ट्रॉम्बोनचा एक नवा ट्रॅक उघडला.